हार्नेट काउंटीत यूएसडीएच्या कर्जात बसणारं घर शोधताना

ज्वारीचं_कणीस | १६ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला सहा वर्षं भाड्याने राहतोय. नवरा एका औषध कंपनीत क्वालिटीत, मी शाळेत टीचर असिस्टंट, मुलगी चार वर्षांची. सासूबाई आमच्याकडेच असतात (ग्रीनकार्ड थोरल्या दिरांमुळे) आणि एका दुकानाच्या किचनमध्ये पार्टटाइम काम करतात. आमच्या दोघांचं ग्रीनकार्ड गेल्या वर्षी आलं. डाउन पेमेंटसाठी साठवलेले पैसे सासऱ्यांच्या आजारपणात संपले. त्याचं वाईट वाटत नाही, पण कॅरीतल्या घरांच्या किमती बघितल्या की पोटात गोळा येतो.

शाळेतली एक बाई म्हणाली, "यूएसडीए लोन बघ, डाउन पेमेंट शून्य." यूएसडीए म्हणजे शेतकी खातं. अंड्यांच्या खोक्यावर ज्यांचा शिक्का असतो तेच. मला वाटलं ट्रॅक्टरचं कर्ज असेल. पण वाचत गेले तर खरोखर घरासाठीच आहे, शेती असायची गरज नाही. उलट पैसे मिळवून देणारं शेत असेल तर त्याला हे कर्ज चालत नाही!

अट एवढीच की घर त्यांच्या लेखी 'रूरल' भागात हवं. आमचा वेक काउंटीचा (काउंटी म्हणजे इथला जिल्हाच) पट्टा (कॅरी, मॉरिसव्हिल, रॉली) नकाशावर रंगवलेला आहे, म्हणजे बाद. म्हणून दक्षिणेला हार्नेट काउंटी बघतोय: अँजियर, लिलिंग्टन, कोट्स, अर्विन. नवऱ्याला रोज पाऊण तास गाडी हाकावी लागेल, त्याची तयारी आहे.

अडचण अशी की घरं दाखवणाऱ्या साइट्सवर "यूएसडीएला चालणारी घरं" असं बटण मिळत नाही. काही एजंट जाहिरातीत तसं लिहितात, काही लिहीत नाहीत, आणि एकाने लिहिलेलं चक्क चुकीचं निघालं. तुम्ही कुणी या वाटेने गेला असाल तर घरं कशी शोधलीत ते सांगा.

सटरफटर | १६ ऑगस्ट

शेतकी खातं घराला कर्ज देतं?? आपल्याकडे कृषी खात्याकडे घर मागायला गेलं तर ठिबक सिंचनाचा फॉर्म हातात देतील.

गावठाण | १७ ऑगस्ट

@सटरफटर, त्याला इतिहास आहे. १९४६ साली शेतकऱ्यांसाठी फार्मर्स होम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन निघालं. १९४९ च्या हाउसिंग अ‍ॅक्टने त्याच्याकडे शेतकऱ्यांच्या घरांचं कर्ज आलं. १९६१ मध्ये शेती न करणाऱ्या खेड्यातल्या लोकांनाही ते खुलं झालं. १९९४ च्या फेररचनेत ते कार्यालय गेलं, काम मात्र यूएसडीएच्या रूरल डेव्हलपमेंटकडे राहिलं. अजूनही त्या १९४९ च्या कायद्याच्या कलमावरून याला 'सेक्शन ५०२' म्हणतात.

@ज्वारीचं_कणीस, मी काही वर्षं एका मॉर्टगेज कंपनीत फायली तयार करायचं काम केलंय, तेव्हा थोडं सांगतो.

आधी हे की ५०२ मध्ये दोन वेगळी कर्जं आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक 'डायरेक्ट'. यात पैसे स्वतः सरकार देतं, फक्त कमी आणि अतिकमी उत्पन्नवाल्यांना. मुदत ३३ वर्षं, काहींना ३८. सवलतीने व्याज १ टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतं, पण घर विकताना त्या सवलतीचा काही भाग परत मागतात. दुसरं 'गॅरंटीड'. यात पैसे बँकेचे, सरकार फक्त जामीन. ३० वर्षं, स्थिर व्याजदर, उत्पन्नाची कमाल मर्यादा त्या भागातल्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्के. तुमचं काम या दुसऱ्यात होईल.

आता नकाशा. यूएसडीएच्या एलिजिबिलिटी साइटवर पत्ता टाकता येतो, पण तिथे मल्टिफॅमिली, बिझनेस वगैरेंचे वेगळे नकाशे आहेत. 'सिंगल फॅमिली हाउसिंग गॅरंटीड' निवडलंय ना ते दर वेळी बघा. मी चुकीच्या नकाशावर "बसतंय" म्हणून नाचलेले लोक पाहिलेत.

रूरल कशाला म्हणायचं ते मुख्यतः लोकसंख्येवर. १० हजारांपर्यंतचं, शहराला न चिकटलेलं, खेड्याच्या वळणाचं गाव चालतं. १० ते २० हजारांचं असेल तर महानगर क्षेत्राबाहेर हवं आणि तिथे कर्ज मिळायची मारामार हवी. जी गावं जुन्या यादीत आधीपासून होती त्यांना जास्त सूट आहे. ती २५ हजारांपर्यंत होती, २०१४ च्या फार्म बिलाने (शेतीविषयक कायद्याने) ३५ हजारांपर्यंत नेली. मागच्या जनगणनेत अँजियर ५ हजारांच्या जरा वर, लिलिंग्टन ५ हजारांच्या आत, हार्नेटमधलंच डन साडेआठ हजारांच्या आत. म्हणजे आकड्यात अडचण नाही. पण आकडा काही म्हणो, शेवटी नकाशावरची रेषा खरी.

आयडी 'गावठाण' का घेतलाय ते आता कळलं असेल. गावठाणाची हद्द कुठे संपते यावरून आमच्या गावात तीन पिढ्या भांडण चालू आहे.

कडूकारलं | १७ ऑगस्ट

औषध कंपनीत नोकरी, डबल इन्कम, आणि गरिबांसाठीच्या योजनेत हात. चालू द्या.

गावठाण | १७ ऑगस्ट

@कडूकारलं, गरिबांसाठीचं ते डायरेक्ट. हे मध्यम उत्पन्नवाल्यांसाठी आहे, आणि जामीनकीची फी कर्जदारच भरतो. हे घरकुल नव्हे. प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यात सपाट भागाला १ लाख २० हजारांचं अनुदान मिळतं, ते फेडायचं नसतं. इथे पै न् पै फेडायची आहे.

ज्वारीचं_कणीस | २४ ऑगस्ट

आठवडाभर नकाशाला चिकटून होते. एक गोष्ट कळली, ती आधी कुणी सांगितली असती तर दोन शनिवार वाचले असते.

मी घरं गावाच्या नावाने शोधत होते. 'फ्यूक्वे-व्हरिना' दिसलं की सोडून द्यायचं, कारण ते वेकमध्ये, मागच्या जनगणनेत ३४ हजारांच्या वर गेलेलं. 'अँजियर' दिसलं की धावत जायचं. दोन्ही चूक! पत्त्यातलं गाव म्हणजे पोस्ट ऑफिसचं गाव. फ्यूक्वे-व्हरिनाचा पिनकोड काउंटीची हद्द ओलांडून हार्नेटमध्ये बराच आत जातो. तिथल्या घरांच्या पत्त्यात गाव फ्यूक्वे-व्हरिना, पण काउंटी हार्नेट, टॅक्स हार्नेटचा, शाळा हार्नेटच्या, आणि नकाशावर रंग नाही. मी अशी निदान वीस घरं नाव वाचूनच बाद केली होती.

मग पद्धत बदलली. यूएसडीएचा नकाशा एका खिडकीत, घरांची साइट दुसऱ्या खिडकीत. रंगाची कड कुठल्या रस्त्यावरून, कुठल्या ओढ्यावरून जाते ते बघून तसाच आकार घरांच्या साइटवर बोटाने काढायचा आणि शोध सेव्ह करायचा. त्यात आलेला प्रत्येक पत्ता परत यूएसडीएवर टाकून बघायचा, स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवायचा. किचकट आहे, पण एजंटच्या भरवशावर राहण्यापेक्षा बरं.

नवीन वसाहतींचे पत्ते तिथे सापडतच नाहीत, रस्ता इतका नवा असतो. तेव्हा जवळचा जुना चौक शोधून नकाशा मोठा करायचा.

गावठाण | २४ ऑगस्ट

शाब्बास. यात अजून एक मेख आहे. उत्पन्नाची मर्यादासुद्धा काउंटीवर ठरते. वेक काउंटी रॉलीच्या महानगर क्षेत्रात, तिथलं उत्पन्न जास्त म्हणून मर्यादाही जास्त. हार्नेट त्यात नाही. देशात बहुतेक ठिकाणी २०२५ सालची मर्यादा १ ते ४ माणसांच्या कुटुंबाला १,१९,८५० डॉलर आणि ५ ते ८ माणसांना १,५८,२५० आहे, हार्नेटला तीच धरून चाला. म्हणजे पत्ता एकच वाटला तरी रस्त्याच्या या अंगाला तुम्ही उत्पन्नात बसाल आणि त्या अंगाला नाही, असं होऊ शकतं.

तुमच्या घरात चार माणसं. आणि लक्षात ठेवा, सासूबाईंचा पगार धरतात. त्यांचं नाव कर्जावर असो नसो, घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं उत्पन्न मोजतात.

ज्वारीचं_कणीस | २५ ऑगस्ट

अरे देवा. नवरा ७८,०००, मी २९,५००, सासूबाई १८,५००. झाले १,२६,०००. म्हणजे गेलंच की!

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग मी नोकरी सोडते." रडू आलं मला.

गावठाण | २५ ऑगस्ट

थांबा, नोकरी सोडू देऊ नका! ही बेरीज म्हणजे ढोबळ उत्पन्न. मर्यादेशी ताडून बघतात ते वजावटीनंतरचं. मुलीमागे ४८०. मुलगी १२ वर्षांच्या आतली, तिला डेकेअरला ठेवल्याशिवाय तुम्हाला नोकरी करता येत नाही, म्हणून डेकेअरचा खरा खर्चही वजा होतो. वर्षाला किती भरता?

सासूबाई ६२ च्या वर असतील तर ज्येष्ठांची वजावट सुचेल, पण ती कर्जदार किंवा सहकर्जदार ज्येष्ठ असेल तरच.

ज्वारीचं_कणीस | २५ ऑगस्ट

महिना ८००. वर्षाचे ९,६००. म्हणजे १,२६,००० उणे ९,६०० उणे ४८० = १,१५,९२०. बसलं!! डेकेअरच्या बिलाकडे बघून पहिल्यांदाच हसले.

सटरफटर | २५ ऑगस्ट

अजून एक पोर असतं तर पाच माणसं होऊन वरच्या मर्यादेत गेला असता. कर्जासाठी म्हणून विचार करा 😄

ज्वारीचं_कणीस | २५ ऑगस्ट

@सटरफटर, तुमचा हा प्रतिसाद सासूबाईंना दाखवणार नाही.

पत्ताबदलू | २७ ऑगस्ट

आम्ही तीन वर्षांपूर्वी लिलिंग्टनजवळ याच कर्जावर घर घेतलं. केप फिअर नदी जवळ, रेव्हन रॉक पार्क शनिवारचं ठरलेलं. नकाशा झाला, उत्पन्न झालं, आता घरावर या. खरी परीक्षा तिथे आहे.

सेप्टिक टाकी. हार्नेटमध्ये पुष्कळ घरांना पाणी काउंटीचं नळाचं असतं, पण सांडपाणी स्वतःच्या टाकीत. दोन गोष्टी करा. टाकी उघडून तपासणी करून घ्या, नुसती "चालू आहे" ही विक्रेत्याची तोंडी ग्वाही घेऊ नका. दुसरं, काउंटीच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थमधून त्या घराचा सेप्टिक परमिट मागवा. त्यावर किती बेडरूमसाठी मंजुरी आहे ते लिहिलेलं असतं. आम्ही बघितलेलं पहिलं घर चार बेडरूमचं म्हणून दाखवलं, परमिट तीनचा. चौथी खोली मागाहून काढलेली. एजंट म्हणे "ती बोनस रूम समजा". आम्ही "रामराम समजा" म्हटलं.

पाणी खासगी बोअरचं असेल तर पाण्याची तपासणी लागतेच. बोअर आणि सेप्टिक टाकीत ५० फूट, बोअर आणि सांडपाणी मुरायच्या जागेत १०० फूट अंतर बघतात. जुन्या घरांत इथेच घोडं अडतं.

आता पैसे. "शून्य डाउन पेमेंट" म्हणजे खिशात शून्य असून चालतं असं नाही, त्यातही नॉर्थ कॅरोलिनात तर नाहीच. इथे ऑफर मान्य झाली की 'ड्यू डिलिजन्स फी' (घर तपासून बघायला मिळणाऱ्या मुदतीची फी) थेट विक्रेत्याच्या हातात जाते. तुम्ही माघार घेतलीत तर ती गेली. घर घेतलंत तर किमतीतून वळती होते. वर अर्नेस्ट मनी (बयाणा), इन्स्पेक्शन, अप्रेझल (घराच्या किमतीचं मूल्यांकन), वकील (इथे क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा शेवटचा व्यवहार, वकिलाकडेच होतं). त्यामुळे पत्त्याची आणि परमिटची खात्री ड्यू डिलिजन्स फीचा चेक द्यायच्या *आधी* करा. आम्ही एकदा नंतर केली. ७५० डॉलरचा धडा. पण तो चेक फाडताना हात थरथरला नाही याचं आता आश्चर्य वाटतं.

एचवन_झोपाळा | ३० ऑगस्ट

वाचून उत्साह आला. मी एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, आय-१४० (ग्रीनकार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे. माझं जमेल का?

गावठाण | ३० ऑगस्ट

नाही. नागरिक, अमेरिकेचे नॅशनल किंवा कायद्यातल्या व्याख्येतले 'क्वालिफाइड एलियन' (ग्रीनकार्डधारक, निर्वासित वगैरे) यांनाच मिळतं. एच-१बी त्यात येत नाही, आय-१४० ने फरक पडत नाही. आधी अशा लोकांना एफएचए (कमी डाउन पेमेंटचं, सरकारी विम्याचं दुसरं गृहकर्ज) सुचवायचो, पण २५ मे २०२५ पासून तेही फक्त कायमच्या रहिवाशांना आणि नागरिकांना. तुमच्यासाठी आता साधं कन्व्हेन्शनल कर्ज (सरकारी जामिनाशिवायचं). डाउन पेमेंट साठवायला लागा.

एचवन_झोपाळा | ३० ऑगस्ट

झोपाळा पुढे जाऊन परत मागे. धन्यवाद.

मुंबईचीलोकल | २ सप्टेंबर

ग्रीनकार्डवाल्यांनी एफएचए घ्यावं की हे? कुणीतरी आकडे मांडा ना.

गावठाण | २ सप्टेंबर

समजा घर २,८०,००० चं.

यूएसडीए: डाउन पेमेंट नाही. सुरुवातीची जामीनकी फी १ टक्का, म्हणजे साधारण २,८००, ती कर्जातच मिसळता येते. मग दर वर्षी शिल्लक कर्जाच्या ०.३५ टक्के. पहिल्या वर्षी महिन्याला ८२-८३ डॉलर, पुढे कमी होत जातात.

एफएचए: ३.५ टक्के डाउन, म्हणजे ९,८०० रोख. सुरुवातीचा प्रीमियम १.७५ टक्के, म्हणजे ४,७०० च्या आसपास. वार्षिक ०.५५ टक्के धरला तर महिना सव्वाशेच्या जवळ.

शिवाय यूएसडीएत अप्रेझल खरेदीच्या किमतीपेक्षा जास्त आलं, तर वरच्या फरकातून क्लोजिंगचा खर्चही कर्जात घालता येतो. विक्रेता ६ टक्क्यांपर्यंत हातभार लावू शकतो ते वेगळंच. क्रेडिट स्कोअर ६४० च्या वर असला तर फाइल संगणकावरच पुढे सरकते, खाली असेल तर हाताने तपासतात आणि कागद वाढतात.

तोटा वेळेचा. बँकेने मंजूर केल्यावर फाइल परत यूएसडीएकडे जाते, तिथून 'कंडिशनल कमिटमेंट' (जामीन राहण्याचं सशर्त पत्र) येईपर्यंत क्लोजिंग नाही. आणि ज्यांच्याजवळ २० टक्के रोख तयार आहे त्यांच्यासाठी हे कर्जच नाही, त्यांनी सरळ कन्व्हेन्शनलला जावं असा नियम आहे.

कडूकारलं | ३ सप्टेंबर

मान्य, मी आधी जरा जास्तच बोललो. पण एक प्रश्न खरा आहे. तिथे राहायला जमेल का? माझा भाऊ असाच एका काउंटीत लांब गेला. शेजारी दोन पिकअप ट्रक आणि तीन कुत्रे, मराठी माणूस मैलोनमैल नाही. दीड वर्षात परत फिरला.

पत्ताबदलू | ३ सप्टेंबर

ज्याची त्याची तब्येत. किराणा आणि मंदिर कॅरी-मॉरिसव्हिललाच, महिन्यातून दोनदा गाडी भरून आणतो. गणपतीला मंडळाकडे जातो तेव्हा परत येताना रात्री अकरा वाजतात, पोरं मागच्या सीटवर झोपलेली. बर्फ पडला की रस्ता साफ व्हायला वेळ लागतो. उलट आमच्या पिकअपवाल्या शेजाऱ्याने पहिल्याच वर्षी पोतंभर रताळी आणून दिली. अमेरिकेत सगळ्यात जास्त रताळी याच राज्यात पिकतात. उपासाला किती खाणार? शेवटी सगळ्यांचा रताळ्याचा कीस करून शेजाऱ्यालाच वाढला.

ज्वारीचं_कणीस | ६ ऑक्टोबर २०२५

अपडेट. घर मिळालं. तीन बेडरूम, २,७६,०००, पत्ता फ्यूक्वे-व्हरिना, काउंटी हार्नेट. परमिट आधी मागवला, तीनचाच आहे. ड्यू डिलिजन्स फी नंतर दिली. @पत्ताबदलू, दंडवत.

आणि आता फाइल यूएसडीएच्या दारात असताना १ ऑक्टोबरला सरकार बंद पडलं (निधी मंजूर झाला नाही म्हणून शटडाउन)! बँकेने सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक पगारपावती परत मागितली, चार दिवस त्यात गेले, नाहीतर कमिटमेंट हातात असती. बँकेचं नाव लिहीत नाही, पण त्या चार दिवसांना मी रोज ओव्या गातेय. विक्रेत्याशी केलेल्या कराराची मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंतच आहे. काय करू?

गावठाण | ६ ऑक्टोबर

कार्यालय बंद तोवर नवी कमिटमेंट निघणार नाही, वशिला नाही, काही नाही. आजच वकिलामार्फत मुदतवाढ मागा. तारीख न लिहिता "यूएसडीएची कमिटमेंट आल्यापासून इतक्या दिवसांत" असं लिहून घेता येतंय का बघा. विक्रेता मुदतवाढीचे थोडे पैसे मागेल, द्या. व्याजाचा दर लॉक (पक्का) केलाय त्याचीही मुदत बघा, ती संपली तर वाढवायचे पैसे कोण भरणार हे बँकेला लेखी विचारा.

सटरफटर | ६ ऑक्टोबर

आपल्याकडे तलाठी संपावर गेले की सातबारा अडतो, तसंच हे. जग सारखंच.

ज्वारीचं_कणीस | ७ डिसेंबर २०२५

सरकार १२ नोव्हेंबरला उघडलं. फायलींचा ढीग होता, आमची कमिटमेंट थँक्सगिव्हिंगनंतर आली. विक्रेत्या आजी-आजोबांनी दोनदा मुदत वाढवली, दुसऱ्यांदा पैसेही घेतले नाहीत. म्हणे "आम्हीही १९७० च्या दशकात फार्मर्स होमच्या कर्जावरच पहिलं घर घेतलं होतं." @गावठाण, तुमचा इतिहास समोर येऊन बसला होता.

परवा किल्ली मिळाली. सासूबाईंनी गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं, सेप्टिकची जागा नेमकी कुठे, म्हणजे शेवगा तिथे लावायचा नाही. परमिटच्या नकाशात दाखवली.

मुंबईचीलोकल | ७ डिसेंबर

अभिनंदन! 💐 तो परमिट कसा मागवायचा? आम्ही जॉन्स्टन काउंटीत बघतोय, काउंटीला फोन केला तर पत्ता सापडत नाही म्हणतात.

ज्वारीचं_कणीस | ८ डिसेंबर

पत्ता देऊ नका, पार्सल नंबर (त्या जमिनीच्या तुकड्याचा नंबर) द्या. काउंटीच्या टॅक्सच्या साइटवर नकाशात त्या घरावर टिचकी मारली की मिळतो. घर जुनं असेल तर परमिट आधीच्या मालकाच्या नावावर असतो, तेव्हा जुन्या मालकांची नावंही त्याच पानावरून उतरवून घ्या. आम्हाला दोन दिवसांत ईमेलने आला.